खडूने काढलेला संगणक

ज्या यंत्राला तुम्ही कधी हात लावलेला नाही, ते वापरून मुलांना शिकवण्याची परीक्षा तुम्ही दिली आहे का?

मी दिली आहे. उल्हासनगरच्या बी.एड. कॉलेजात मी इंग्रजीची शिक्षिका व्हायला गेले, तेव्हा इंटरनेटवरचं साहित्य वापरून भाषा शिकवणं हा नवा भाग नुकताच आला होता. कॉलेजात संगणकांची खोली होती. संगणकांवर प्लास्टिकची आवरणं आणि दाराला कुलूप. "बिघडले तर भरून कोण देणार?" असं म्हणून आमच्या मॅडम फळ्याकडे वळायच्या आणि खडूने स्क्रीन काढायच्या. वर पत्त्याची पट्टी, उजव्या कोपऱ्यात फुली. आम्ही ते चित्र उतरवून घ्यायचो. वर्षभर आमचं इंटरनेट एवढंच.

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार होते आणि समोर खरा संगणक असणार होता. नापास झाले तर वर्ष जाणार. बाबा कामाला होते त्या अंबरनाथच्या कारखान्याला टाळं लागणार, हे आता बाबाही नाकारत नव्हते. घरात पुढचा पगार माझाच यायला हवा होता.

आदल्या दिवशी मी कॅम्प पाचमधल्या सायबर कॅफेत गेले. इंटरनेटवर एक छान पान सापडलं. चित्रातली बाई रस्ता विचारायची. बटण दाबलं की तिचा आवाज यायचा. पण दाबताना माझं बोट आखडायचं. सिंधी मालक गल्ल्यावरून ओरडला, "अरे दबा ना बेटी, बम थोडी है!" मी ते पान फ्लॉपीत ओढलं. फ्लॉपीत त्याचं नाव दिसलं. झालं, असं मला वाटलं.

पाठ बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या एका शाळेत होता. आठवीचा वर्ग, मागच्या बाकावर परीक्षक. मी फ्लॉपी घातली, नावावर दाबलं. पांढरा पडदा. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: पान दाखवता येत नाही.

फ्लॉपीत पान नव्हतंच. इंटरनेटवरच्या त्या पानाकडे नेणारी नुसती खूण, म्हणजे लिंक होती, आणि शाळेत इंटरनेट नव्हतं. पान आणि खूण यांतला फरक खडूच्या चित्रात कसा दिसणार?

"मिस, हँग झाला काय?" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"नाय रे, मिसच हँग झाल्यात!"

वर्ग हसला. परीक्षकांनी पेन उघडलं. मला बाबांचा चेहरा दिसला. मग हात आपोआप खडूकडे गेला, कारण तेवढंच मला शिकवलं होतं. मी फळ्यावर स्क्रीन काढली. बाई, रस्ता, बटण. मुलं एकेक करून आली, खडूचं बटण दाबू लागली आणि त्या बाईच्या आवाजात मी इंग्रजी बोलू लागले.

"मिस, आवाज वाढवा!"

मी वाढवला.

परीक्षकांनी शेरा दिला: फलकलेखन सुंदर, इंटरनेटचा वापर समाधानकारक. मी पास झाले.

घरी आल्यावर बाबांनी पेढा हातात घेऊन विचारलं, "म्हणजे आता येतं ना बाळा, तुला ते?" खरी भीती तेव्हा बसली. नापास होण्याची भीती एका पाठापुरती होती. ही वेगळी. येत नसलेलं येतं, असा शिक्का घेऊन मी आता वर्गावर जाणार होते, आणि माझ्यासोबत आमची सगळी तुकडी. आमच्यासमोर बसणारी पोरं कुणाला जाब विचारणार?

मी वस्तीत वाटल्या जाणाऱ्या कामगार युनियनच्या पत्रकांवर वाचायला शिकले. ती बाबाच लिहायचे; पत्रक लिहायला बसले की आधी मागणी लिहायचे, बाकी मजकूर नंतर. माझी मागणी शेवटी आली, पण ती साधी आहे. तुम्ही शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात असाल, तर उद्या त्या खोलीचं कुलूप काढा. आवरणं उतरवा. खुर्चीत शिकणाऱ्यांना बसवा आणि त्यांना चुकू द्या, तिथेच, मुलांसमोर जाण्याआधी.