सव्वा इंच

अर्बनला बोटीत बसलं की मळमळायचं. गोराईत जन्मलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगायची सोय नाही, पण खरं ते खरं. तो सुतार. चाळीस वर्षं त्याने अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत सेट उभे केले आणि शूटिंग संपलं की स्वतःच्याच हातांनी मोडले. मुलगा ॲलन मात्र आईच्या माहेरावर गेला. रंधा धर म्हटलं की खाडीकडे पळायचा. शेवटी आजोबांची बोट त्यानेच धरली आणि तिचा तांडेल, म्हणजे कप्तान झाला. बापलेकांचं भांडण असं नव्हतं. फक्त एकमेकांकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून यंदा जुलैत ॲलन म्हणाला, "पप्पा, केबिनमध्ये घडीचं टेबल करशील? खाली बसून जेवताना खलाशांच्या कमरा गेल्यात," तेव्हा अर्बन वरवर "बघू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सागवान बघायला निघाला. पोराने तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बापाच्या हातचं काहीतरी मागितलं होतं. मासेमारीची बंदी उठली की बोट सुटणार. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे.

आणि त्या दोन आठवड्यांत वैताग म्हणजे किती वैताग. बोरिवलीच्या दुकानदाराने पितळी म्हणून बिजागऱ्या गळ्यात मारल्या. अर्बनने त्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या, तर सकाळी तांबूस. लोहचुंबक लावला, खटकन चिकटला. पुन्हा फेरीबोट, पुन्हा मळमळ, पुन्हा बोरिवली. बरं, बिजागऱ्या मिळाल्या तर केबिनची भिंत सरळ असावी की नाही? खाली आत, वर बाहेर आणि मधे पोट. फळी तासून तासून हात भरून आले, तरी मेली बसेना.

"ही भिंत कुठल्या गाढवाने केली?" अर्बन घरी येऊन करवादला.

"माझ्या बापाने," त्याची बायको एथेल म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा आदळला. "इतकं अडतंय तर एकदा ॲलनला विचार ना."

"सुतारकाम मी त्याला विचारू?"

झालं. विचारलं नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून टेकू लावलेल्या बोटीत तो एकटाच चढला, भिंतीला लेव्हल लावली, तिच्या बुडबुड्यावर डोळा ठेवून बिजागऱ्यांची रेघ मारली. फळी भिंतीला टांगली. खालचे दोन पाय दुमडून आत बसत होते, एकदम झकास. बुडबुडा तेवढा मधोमध येईना. मग एक पाय सव्वा इंच कापला. आता आला. अर्बनने आयुष्यात इतकं चोख काम केलं नव्हतं आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

बोट सुटायच्या दिवशी ती भरतीच्या पाण्यावर धक्क्याला लागली होती. ॲलनने बापाचा हात धरून त्याला केबिनमध्ये नेलं. भिंतीवरचं टेबल खाली उघडलं, खलाशी कौतुकाने भोवती बसले, मधे बोंबलाच्या कालवणाचं टोप ठेवलं. टोप सरकलं. सरकत सरकत कडेला गेलं आणि कोपऱ्यातल्या खलाशाच्या मांडीवर उपडं झालं. सगळे खो खो हसले. तो खलाशीसुद्धा.

ॲलनने खाली वाकून पाय बघितले. "पप्पा, बोट किनाऱ्यावर असते तेव्हा नाक वर करून बसते रे. पाण्यात सरळ होते. तू तिकडे लेव्हल लावलीस?"

अर्बनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. अख्खं गाव खलाशांचं, आणि हे त्याला कळू नये? संताप दुसऱ्या कुणाचा नव्हता, स्वतःचाच होता. त्याने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"अरे, काय करतोस? राहू दे," ॲलन म्हणाला. "कडेने पट्टी ठोकतो, ताटं सरकणार नाहीत. मला असंच चालेल."

"मला नाही चालणार. वाकडं काम माझ्या नावावर नको."

"पप्पा, ऐक ना."

ऐकतो कोण. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. भरती कुणासाठी थांबत नाही. ॲलनने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा बापाच्या पाठीकडे, आणि इंजिन चालू करायला वर गेला. अर्बन टेबल खांद्यावर टाकून धक्क्यावर उतरला. बोट गेली तेव्हा त्याने मान वळवून बघितलंही नाही.

दारात एथेल उभी होती. "पोराला नको झालं?"

"मला नको झालं."

ती आत गेली. दुपारचं ताट तिने झाकून ठेवलं, त्याच्यापुढे आणलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. ॲलन होता, आवाज तुटत होता. "आता रेंज जाईल, म्हणून केला. पप्पा, तू जेवलास?"

"नाही अजून. तुम्ही?"

"आत्ता बसतोय."

"कशावर?" अर्बनच्या तोंडून निघून गेलं.



"खालीच," ॲलन म्हणाला. "तू वाईट वाटून घेऊ नको. आम्हाला सवय आहे."