पहिल्या रांगेतल्या काकू

सगळी गल्ली त्यांना 'पहिल्या रांगेतल्या काकू' म्हणायची. काकूंना त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. नऊ वर्षांत प्रवचनाची एक सकाळ चुकवली असेल तर शपथ! प्रवचनकार वाक्य विसरले तर खालून काकू पुरवायच्या. 'आजाऱ्याची सेवा हीच देवाची सेवा' हे तर त्यांनी भाजीवाल्यालाही ऐकवून सोडलं होतं. बिचाऱ्याला नुसता खोकला झाला होता.

घरात काका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं सून बघायची. काकू दारातूनच "बरं आहे ना?" विचारायच्या आणि निघायच्या. ढोंगी म्हणाल, तर तसं नव्हतं हो. त्यांना त्या खोलीतल्या वासाची शिसारी यायची, आणि ते कबूल करायची लाज वाटायची.

एका सकाळी सुनेच्या आईला अचानक दवाखान्यात हलवलं. मुलगा आणि सून तसेच धावले. जाता जाता सून म्हणाली, "आई, बाबांचं तेवढं बघाल ना? संध्याकाळी येतेच."

"अगं, बिनघोर जा!" काकू म्हणाल्या. मनातून त्यांना बरंही वाटलं. एवढं ऐकलं, ते आज करून दाखवता येणार होतं.

अकराच्या सुमारास काकांनी चादर ओली केली.

काकूंनी श्वास रोखला, बाह्या सरसावल्या. पण अंगाखालची चादर काढतात कशी? प्रवचनात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरात रोज घडत होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपलं एक टोक धरून ओढलं. चादरीबरोबर काका उजव्या कुशीवर कलंडत थेट पलंगाच्या काठावर आले. काकूंनी घाबरून त्यांना दोन्ही हातांनी कवळलं.

"आई गं! त्या कुशीवर नको... जखम आहे तिथं."

"जखम? कसली जखम?"

"पडून पडून झालेली. सून रोज धुते, मलम लावते."

"कधीपासून?"

"चार महिने झाले की."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" काकूंचा आवाज चढला. चढवायला तोंड कुठे होतं म्हणा!

काका म्हणाले, "मीच तिला सांगू दिलं नाही. तुझं प्रवचनात लक्ष लागलं नसतं."

काकूंना रडू फुटलं. धरून ठेवावं तर जखम दाबली जात होती, सोडावं तर माणूस खाली येत होता, आणि मागे ढकलायला त्या हातांत जोरच नव्हता. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा काका कळवळले.

"अहो, मी काय करू? सांगा ना, काय करू?"

"रडू नकोस," काका कळ सोसत म्हणाले, "सून येईपर्यंत मी थांबतो."