शेवटच्या जेवणात कोण कुठे बसलं

दोन्ही छापील चित्रं मी फळ्यावर टाचली. वर्गात खेड्यापाड्यांतले सोळा मास्तर चटईवर बसले होते. सतरावा, सखाराम, व्हरांड्यात पोत्यावर. तो महारवाड्यातल्या शाळेचा मास्तर. परीक्षा पास झाला तरच त्याची नेमणूक पक्की, आणि तरच ती शाळा टिकणार. त्यानं बाहेर बसायचं हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून खोडताही येत नव्हता. वाशीमजवळच्या मालेगावच्या या ट्रेनिंग क्लासात मी ड्रॉइंग शिकवायचो आणि अस्पृश्यतेविरुद्ध पत्रकं काढायचो.

धडा कॉम्पोझिशनचा. म्हणजे चित्रात कोणाला कुठे बसवायचं, ते. इटलीतल्या दोन जुन्या चित्रकारांनी येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण रंगवलं आहे. एक शिष्य त्याला दगा देणार आहे. पहिल्या चित्रात सगळे मेजापलीकडे ओळीनं बसलेत. दगाबाज तेवढा एकटा अलीकडे. दुसऱ्यानं त्याला पंगतीतच बसवला. येशू म्हणतो, तुमच्यातलाच एक मला धरून देणार. सगळे हादरतात. दगाबाज मागे सरतो, त्याच्या तोंडावर सावली पडते.

"कोणतं सरस?" मी विचारलं.

"पयलं," केनवडचे मास्तर म्हणाले. "चोर झटकन दिसते."

व्हरांड्यातून सखाराम म्हणाला, "गुरुजी, पयल्यात त्यानं काई कराच्या आंधीच त्याले येगळं बसोलं. दुसऱ्यात तो करते, मंग दिसते."

"पंगतीत बसाची लई घाई झाली का रे तुले?" केनवडचे मास्तर.

"चित्राचं इचारलं, मास्तर. चित्राचं सांगतलं."

मी इतका खूश झालो की त्याच आठवड्यात पत्रक छापलं. मथळ्यात सखारामचं 'काई कराच्या आंधीच येगळं बसोलं' हे वाक्य; खाली त्याचं नाव, गाव, शाळा. त्याला विचारलं नाही. वाशीमच्या बाजारात वाटून आलो.

हेडमास्तरांनी बोलावलं. "हे तुमी छापलं?"

"हो. शिक्षा मला करा."

"तुमाले कायले? तुमचं नाव कुठी आहे यात?"

नव्हतं. तळाशी फक्त 'एक सेवक' होतं. दुसरा ड्रॉइंग मास्तर मिळेना, म्हणून मी राहिलो. सखारामचं नाव हजेरीपटावरून गेलं, आणि उन्हाळ्यात त्याच्या महारवाड्यातल्या शाळेला कुलूप लागलं. तो कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला लागला. मी भेटायला गेलो.

"पत्रक पायलं, गुरुजी," तो म्हणाला. "छपाई साफ आहे." आणि गाठोडं उचलून आत गेला.

आता माझ्या पत्रकांवर एकच नाव असतं, माझं. पण त्यामुळे सखारामची शाळा काही उघडली नाही.