तेरा राजीनामे आणि असेंब्लीचा प्रश्न

पाकिटावर लाल चिठ्ठी होती आणि तिच्यावर टाइप केलेलं होतं, 'असेंब्ली क्वेश्चन, अर्जंट'. मामलेदार रावसाहेबांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"परवा उत्तर अलिबागला, कलेक्टरसाहेबांच्या हातात पाहिजे. तुमच्याकडे उद्याचा दिवस आहे."

इंग्रज गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. मी कर्जतला सर्कल इन्स्पेक्टर होतो. म्हणजे तलाठ्यांच्या वर, मामलेदारांच्या खाली आणि दोघांच्याही शिव्यांच्या टप्प्यात. खालापूरची गावं तेव्हा कर्जत तालुक्यातच मोडत. कुळांसाठी नवा कायदा येणार, अशी बोलवा सगळीकडे होती. जो जमीन कसतो त्याला मालकाने वाटेल तेव्हा काढू नये, असा काहीसा तो कायदा. त्यावर एका सभासदाने मंत्र्यांना प्रश्न टाकला होता: कायदा येण्याआधीच या भागातले जमीनमालक कुळांकडून राजीनामे लिहून घेत आहेत, हे खरं आहे काय? असल्यास किती? ते कुळांनी राजीखुशीने दिले आहेत काय?

राजीनामा म्हणजे कुळाने 'मी ही जमीन सोडली' असं लिहून देणं. एकदा ते दिलं की कायदा कितीही चांगला आला तरी त्या माणसाला त्याचा उपयोग नाही. तो कूळच उरत नाही.

लोकांना वाटतं, मंत्री उभे राहतात आणि मनातलं बोलतात. तसं नसतं. प्रश्न मुंबईहून निघतो, कलेक्टर, प्रांत, मामलेदार अशा पायऱ्या उतरत तलाठ्यापर्यंत येतो आणि उत्तर त्याच पायऱ्या चढत वर जातं. चढताना प्रत्येक पायरीवर त्याची थोडी थोडी धार जाते. मंत्र्यांच्या हातात पडतं तेव्हा ते बहुधा गुळगुळीत झालेलं असतं.

"यात विशेष काही नाही," रावसाहेब म्हणाले. "पहिल्याला 'नाही' लिहा, मालक लिहून घेत नाहीत, कुळंच देतात. पुढच्या दोन्हींना 'प्रश्न उद्भवत नाही'. तलाठ्याचा कागद आलाच आहे."

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. प्रश्न आज आला आणि तलाठ्याचा कागद आधीच येऊन बसला होता. तलाठ्याने मागण्याआधी पाठवलेला कागद मी तोवर कधी पाहिला नव्हता. शिवाय आदल्या रविवारी ज्या जमीनमालकाचा टांगा मी रावसाहेबांच्या बंगल्यासमोर पाहिला होता, नेमकं त्याच्याच गावाचं नाव कागदावर होतं.

कागदात लिहिलं होतं, गावात तेरा राजीनामे झाले, सगळे पौषात, सगळे राजीखुशीने. कारण तेरा जणांचं एकच, 'वृद्धापकाळामुळे शेती झेपत नाही'. पौषापासून जमीन मालक स्वतः करतो, असाही शेरा होता.

"मी जाऊन येतो," मी म्हणालो.

"कशाला? कागद बरोबर नाही का?"

"फारच बरोबर आहे."

रावसाहेबांनी हातातली फाइल उघडली. जा म्हणाले नाहीत, जाऊ नका असंही म्हणाले नाहीत.

सकाळी मोटारने कुंभिवलीपर्यंत गेलो आणि पुढे चालत. गावाचं नाव सांगत नाही. माणसं गेली तरी त्यांची मुलं आहेत. तलाठी वेशीवर हजर होता. मी येणार हे त्याला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. त्याने मला थेट चावडीत नेलं. तिथे तेरा कुळं भिंतीला टेकून ओळीने बसली होती आणि त्यांच्यासमोर मालकाचा कारभारी पान जुळवत होता.

मी पहिल्याला उभं केलं. नाव जोमा. काळीभोर मिशी, दंड असे की दोन गोण्या एकदम उचलील.

"वय काय तुझं?"

त्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. "साठ असंल साहेब."

"राजीनामा खुशीने दिलास?"

"खुशीनं दिला."

"शेती झेपत नाही?"

"नाय झेपत."

उरलेल्या बाराही जणांनी हेच सांगितलं. तलाठ्याने जबाबांचे कागद तयार ठेवलेच होते, सही तेवढी माझी बाकी होती. मला त्या कुळांचा रागच आला. मी त्यांच्यासाठी उन्हातून आलो होतो आणि ते मलाच बनवत होते. मी पेन उघडलं नाही. "आधी जमीन बघू," म्हटलं. तलाठी म्हणाला, ऊन फार आहे, सरबत सांगितलंय. सरबत परत येऊन पिऊ, म्हणून मी निघालो. मग तोही निघाला, कारभारी निघाला आणि मागून कुळं.

भाताची खाचरं रिकामी, भेगाळलेली. पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन होता. भातशेती न पाहिलेल्यांसाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो तुकडा उन्हाळ्यात भाजतात. झाडाच्या टहाळ्या, शेण, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. याला राब भाजणं म्हणतात. ही टहाळी डोंगरातून तोडून डोक्यावर वाहून आणावी लागते, त्यात घरातल्या बायकांच्या माना मोडतात. पौषात ज्याने जमीन सोडली तो चैत्रात तिच्यावर राब कशाला भाजील?

तलाठ्याने राजीनामे लिहिले, शेरे लिहिले, पण चावडीतून. शेताकडे तो फिरकलाच नव्हता.

"हा राब कुणाचा?" मी विचारलं.

"मालकांचा," कारभारी म्हणाला.

"टहाळी कुणी आणली?"

"गड्यांनी."

"कुठल्या डोंगरातून? नावं सांगा गड्यांची."

कारभारी पानाची चंची चाचपू लागला. बांधावर एक बाई उभी होती, जोमाची बायको. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "आमी भाजला, नाय तर कोन भाजनार? माझ्या मानेला इचारा."

"गप गं," जोमा म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. आता तो माझ्याकडे कारभाऱ्याकडे पाहावं तसाच पाहत होता.

"मालक बोलला, जमीन तुझीच हाय, करतोस तशीच कर," तो हळूच म्हणाला. "नुसता कागदावर अंगठा दे. कायद्यासाटी लागतो."

"कायदा आला की तो हाच कागद दाखवून तुला काढील."

"तो तवा काडंल. तुमी लिवलं तर उद्याच काडंल. पाऊस तोंडावर हाय, मी पेरू कुटं? तुमी संध्याकाळी कर्जतला जानार, साहेब. आमी हितंच ऱ्हानार."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडून खरा जबाब घेतला तर तो या पावसात उपाशी, आणि न घेतला तर कायमचा भूमिहीन.

मग मी जबाब कुणाचाच घेतला नाही. राबाचा पंचनामा केला. तेरा जमिनी, प्रत्येकीचा सर्व्हे नंबर, त्यात भाजलेला राब, टहाळी कुठल्या डोंगरातली, आणि ती वाहणाऱ्या गड्यांपैकी एकाचंही नाव कारभाऱ्याला सांगता आलं नाही हे. पंच म्हणून पाटील आणि शेजारच्या गावचा लोहार घेतला. खुशी, जबरदस्ती, मालक, यांतला एकही शब्द त्यात घातला नाही. कुळांना अंगठा मागितला नाही. तलाठ्याला मात्र सही करायला लावली. राख त्याच्या वहाणांना लागलेली होती, नाही म्हणायला जागाच नव्हती.

रावसाहेबांनी पंचनामा दोनदा वाचला. "ही राख असेंब्लीत पाठवायची म्हणता?"

"मंत्र्यांना कुणी उलट विचारलं तर उत्तर हवं."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मला टांगा आठवला. घरी जाऊन मी आठवेल तेवढी नक्कल लिहून काढली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. त्या दिवसांत रावसाहेबांचा चहासुद्धा मला कडू लागत होता.

काही दिवसांनी त्यांनीच मला बोलावून वर्तमानपत्र दाखवलं. मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं होतं: होय, असे प्रकार घडले आहेत. एका सभासदाने उलट विचारलं, जमीन कुळंच कसतात हे सरकारला कशावरून कळलं? मंत्र्यांनी राबाचा आधार दिला. राजीनामा मामलेदारांसमोर पडताळल्याशिवाय खरा मानू नये, अशी तरतूद नव्या बिलात करण्याचा विचार आहे, असंही ते म्हणाले.

"टांगा पाहिला होतात ना तुम्ही?" रावसाहेब म्हणाले. "असा प्रश्न येणार हे त्या मालकाला आधीच कळलं होतं, तो मला प्रकरण दाबायला सांगायला आला होता. म्हणून तुमचा पंचनामा मी त्याच संध्याकाळी ड्रॉवरमधून काढून, माणूस देऊन अलिबागला पाठवला. टपालावर माझा विश्वास नाही." मग म्हणाले, "तुमच्यावरही नव्हता. तलाठी तुमच्याच हाताखालचा, म्हणून आधी 'नाही' लिहायला सांगून पाहिलं."

माझ्यावर संशय येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाऊस पडायच्या आत प्रांतांचा हुकूम आला. तेरा राजीनामे धरू नयेत, कुळांची नावं कायम ठेवावीत. मी पुन्हा त्याच चावडीत बसलो. या वेळी कारभारी नव्हता. प्रत्येक कुळाला हुकूम वाचून दाखवायचा आणि नोंदीवर अंगठा घ्यायचा होता. बारा जणांनी दिला. जोमाने दोन्ही हात काखेत घातले.

"जोमा, तुझ्या फायद्याचं आहे."

"आसंल."

"जमीन तुझ्याच नावावर राहते रे. नुसता अंगठा दे."

"मालक पन हेच बोलला व्हता, साहेब. ह्येच शब्द."

मी त्याला हुकूम तीनदा वाचून दाखवला. पाटलाने समजावलं. बायको म्हणाली, "अवो, ह्यो साहेब राबावर आला व्हता." तो म्हणाला, "आला व्हता. मंग?" हात त्याने काढले नाहीत.

शेवटी मी नोटीस त्याच्या दाराला चिकटवली, पंधरा दिवस वाट पाहिली, हरकत आली नाही म्हणून अंगठ्याशिवायच नोंद मंजूर केली. जोमा त्या शेतात पेरत होता आणि पुढेही पेरत राहिला. नोंदीच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'कुळाने अंगठा देण्यास नकार दिला. कारण विचारता सबळ वाटले.' असा शेरा मी नोकरीत पुन्हा लिहिला नाही. लिहायला हवा होता, अशा वेळा मात्र बऱ्याच आल्या.