भरलेली गाडी, रिकामी गाडी

आबा बोलायच्या आधी हात पुढे करत. दोन्ही तळवे वर, कोपरं पोटाशी, डोळे अर्धे मिटलेले. मग उजवा हात थोडा खाली जाई, डावा वर. पुन्हा डावा खाली, उजवा वर. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत उभा. बऱ्याच वेळानं हात थांबत आणि आबा म्हणत, "तोलून सांगतो." म्हणजे आज काही सांगणार नाहीत, हे आम्हाला कळत असे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला चहात साखर किती विचारलं तरी तो विचारात पडतो. आमच्या आबांचं तसं नव्हतं. त्यांचा विचार चालू व्हायला वेळ लागत नसे, संपायला लागे. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते आणि नोकरी संपेपर्यंत दुसऱ्या खुर्चीवर बसले नाहीत. उसाची गाडी आत येताना भरलेली तोलायची, ऊस टाकून बाहेर निघताना रिकामी तोलायची, दोन्हीतला फरक म्हणजे ऊस. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर केली आणि तीच त्यांना सगळीकडे पुरत होती. "नुसतं भरल्यालं बघून काय कळत न्हाई, रिकामं बी बघावं लागतं," असं ते म्हणत. कांद्याची गोणी विकत आणली तर घरी येऊन रिकामी गोणी तोलत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, घर बघून आले, आणि म्हणाले की घरात पाहुणे होते तेव्हा बघितलं, आता पाहुणे नसताना एकदा बघून येतो. गेलेही. तरीही लग्न जमलं, हे विशेष.

सोनईच्या अलीकडे आमचं गाव, आणि त्यांच्या घरासमोर माझं शटर-ग्रिल-गेटचं दुकान. त्यामुळे आबांचं हे तोलणं मला फुकट बघायला मिळे. मग एके दिवशी ते माझ्यावरच आलं.

झालं असं की त्यांच्या मुलानं पुण्यात गाडी घेतली. गाडी घेतली म्हणून तो गावाकडे जास्त येईल, असं आबांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वाटलं होतं. तो यायचाही, पण थांबायचा नाही. आमची गल्ली अरुंद. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत इथूनच जातात. गल्लीत उभी केलेली गाडी दर अर्ध्या तासाला काढायला लागे. वर कारखान्याच्या धुराड्याची काजळी, आणि गल्लीतल्या शेळ्या, ज्यांना गाडीच्या टपावर उभं राहण्यात काय सुख वाटतं ते त्यांनाच ठाऊक. दुपारचं जेवण झालं की पोरगा किल्ली बोटावर फिरवायला लागे. उजेड आहे तोवर निघतो, म्हणे. काकूंनी रात्रीसाठी भिजवलेली डाळ दुसऱ्या दिवशी दोघंच खात.

आबा माझ्या दुकानात आले आणि हात पुढे न करता बोलले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"मिस्तरी, गाडी मुक्कामाला राह्यली तर पोरगं राह्यल. गाडीला घर पायजे."

इथवर ठीक होतं. पण घर कुठं? घराच्या डाव्या हाताला गोठा होता. जनावरं विकून बरीच वर्षं झालेली, आत पेरणीची जुनी पाभर, काकूंच्या गोवऱ्या आणि एक मोडका पाळणा. तीन भिंती, मागच्या भिंतीला जनावरांच्या चाऱ्याची गव्हाण, वर पत्रे, खाली आबांच्या वडिलांनी घातलेली दगडी फरशी. तोंड गल्लीकडेच, पुढे बैल सोडण्यापुरती थोडी जागा. एक शटर बसवलं की काम झालं. नाहीतर समोरच्या अंगणाची भिंत पाडून नवं गॅरेज बांधायचं. सरळ, उंच, हवेशीर. पण मग काकूंचा शेवगा जाणार आणि पापड वाळवायची जागाही जाणार.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, गोठा करा. आबांचे हात वर आले.

त्यानंतर मी तिथं किती वेळा मोजायला गेलो हे माझी बायको तुम्हाला सांगेल, कारण दर वेळी जेवण गार होत असे. सोमवारी गोठा, गुरुवारी अंगण. गोठा भरलेला मोजला, मग गोवऱ्या बाहेर काढून रिकामा मोजला. मी म्हणालो, आबा, भिंती तेवढ्याच राहतात. ते म्हणाले, राहतात का ते बघू. शेवटी टेप नेणं-आणणं मी सोडून दिलं. तो त्यांच्या गोठ्यातच, गव्हाणीवरच्या कोनाड्यात राहायला लागला आणि मी दुकानासाठी नवा घेतला.

दिवाळीला मुलगा, सून आणि नात आली. आबांना वेगळाच प्रश्न पडला होता: फरशी गाडी पेलेल का? मुलानं सांगितलं की गाडीचं वजन पुस्तकात दिलेलं असतं.

"पुस्तकात रिकाम्या गाडीचं दिल्यालं असतं," आबा म्हणाले. "तू रिकामा येतो का?"

आणि त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. काकूंना नवं लुगडं नेसवून पुढे बसवलं, सून आणि नात मागे, डिकीत पुण्याला न्यायचं बाजरीचं पोतं. मलाही बोलावलं, पण मी घरचा नाही म्हणून मोटारसायकलवर मागून. रस्त्याकडेच्या एका खाजगी काट्यावर वरात पोचली. तिथला माणूस आबांच्या हाताखाली शिकलेला, त्यानं खुर्ची पुसून दिली. मागे कांद्याचे दोन टेम्पो हॉर्न वाजवत उभे. आबांनी आधी भरलेली गाडी तोलली. मग सगळ्यांना उतरवलं, पोतंही उतरवलं, आणि रिकामी तोलली. सूनबाई भर उन्हात बाजरीच्या पोत्याशेजारी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून ती मनात काय तोलत होती ते मला दिसत होतं.

काट्यावरच्या माणसानं विचारलं, पावतीवर माल काय टाकू? आबांचे हात वर आले. टेम्पोवाले ओरडायला लागले. आबा म्हणाले, "तोलून सांगतो," आणि ती जागा मोकळीच ठेवून पावती घडी करून खिशात घातली.

पाडव्याला निकाल लागला: गोठा. मी मनातल्या मनात गुलाल उधळला. पाभर निघाली, गोवऱ्या निघाल्या, मी गव्हाण फोडायला पहार आणली, तर काकू आडव्या आल्या. गोठ्याचं काय करायचं ते करा, गव्हाणीला हात लावायचा नाही. मुलगा तान्हा असताना त्या धारा काढत आणि तो गव्हाणीत कडब्यावर झोपलेला असे. एकदा म्हशीनं त्याचं टोपडं खाल्लं होतं.

"त्याला तिथंच झोप लागायची," काकू म्हणाल्या. "दुसरीकडं न्हाई."

यावर आबांनी काही तोललं नाही. गव्हाण राहिली. मी पुन्हा मोजलं. मुलाची गाडी गव्हाणीपर्यंत घेतली तर शटर चार बोटं राखून खाली येत होतं. शटर बसवलं, निळा रंग दिला. काकूंनी त्याला कुंकू लावलं.

पुढच्या दिवाळीला मुलगा आला तो दुसरीच गाडी घेऊन. मोठी, उंच, पांढरी. आईवडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून फोनवर बोलला नव्हता. आम्हाला सगळ्यांनाच बसला. गाडी आत घेतली, नाक गव्हाणीला टेकलं, आणि मागचा भाग दीड हात बाहेर राहिला. अर्धी गल्ली बघायला जमली. शटर गाडीच्या टपापर्यंत येऊन थांबलं. मुलगा हसला आणि म्हणाला, जाऊ द्या आबा, मी संध्याकाळीच निघतो.

मला त्या क्षणी आबांकडे बघवेना. इतक्या महिन्यांचं तोलणं, माझं मोजणं, सगळं दीड हातानं चुकलं होतं. पण आबा घरात गेले आणि ताडपत्री घेऊन आले. बाहेर राहिलेल्या भागावर त्यांनी ती पसरली आणि सुतळीनं आवळली. ट्रकवाले मारतात त्या गाठी त्यांनी काट्यावर बसून हजार वेळा बघितल्या होत्या, त्यात स्वतःची भर घालून त्यांनी अशी गाठ मारली की मुलाला ती सुटेना. मलाही सुटली नाही.

"सकाळी सोडतो," आबा म्हणाले.

सकाळी आबांची अंघोळ, मग पूजा, मग पेपर. मग गाठ बघून ते म्हणाले की सुतळी दवानं आवळलीय, ऊन लागू दे. ऊन लागलं तोवर जेवण तयार होतं. मुलगा तीन दिवस राहिला आणि रोज माझ्या दुकानात येऊन कात्री मागायचा. मी दिली नाही. शटरवाल्याकडे कात्री नसते, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा आबांनी गाठ मारली, आणि ती कधीही वेळेवर सुटली नाही.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस आबा गेले. चार दिवसांचं दुखणं. दवाखान्यात कसं वाटतंय ते विचारायला गेलो तर हात हलवून म्हणाले, तोलून सांगतो. ते सांगायचं राहिलं. मला दुकानात बसून समोर बघायचा त्रास होतो, अजूनही होतो.

दिवाळीला मुलगा आला. सकाळी आला, संध्याकाळी निघणार होता. मला बोलावून म्हणाला, आता ताडपत्री बांधायला कोणी नाही, आईला ते जमणार नाही. गव्हाण काढून टाकू, म्हणजे शटर लागेल. त्याचं चुकत नव्हतं. काकू दारात उभ्या होत्या.

मी टेप घ्यायला कोनाड्यात हात घातला. टेपखाली ती काट्याची पावती होती, घडीवर पिवळी पडलेली. भरलेलं वजन, रिकामं वजन. निव्वळ वजन छापलेलं होतं ते खोडून खाली आबांनी पेनानं दुसरं लिहिलं होतं. आणि मोकळ्या सोडलेल्या मालाच्या जागी त्यांच्या कारकुनी अक्षरात: घरची माणसं. बाजरीचं पोतं वजा.

मी ती मुलाकडे दिली. त्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि गव्हाणीच्या काठावर बसला.

"मिस्त्री, मोजू नका," तो म्हणाला.

ऊन उतरल्यावर त्यानं घरातून ताडपत्री आणली आणि स्वतः बांधायला घेतली. मी दुकानातून बघत होतो. गाठ कसली ती, बुटाची लेस बांधतात तशी. एका ओढीत सुटली असती.

तिसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर उघडलं तेव्हाही ती गाठ तशीच होती.