माझ्यासाठी अडलेलं नवं

गावात लोक सांगतात की परदेशात मला देवी भेटली. दवनीवाड्याच्या आमच्या घरी आलेला पाहुणा हे ऐकून माझ्या पाया पडतो आणि मी गप्प राहतो. ते गप्प राहणं आता जड झालं आहे. घडलं ते जसंच्या तसं लिहून टाकतो.

बायको गेल्यावर मुलानं मला कॅनडाला नेलं. पहिले काही महिने बरे गेले. परतीचे दिवस जवळ आले तसं मात्र मन कशातच लागेना. मुलगा-सून कामावर गेले की मी खिडकीशी बसायचो. झाडं उघडी पडलेली, रस्त्यावर माणूस नाही. आमच्याकडं तेव्हा हलका, लवकर पिकणारा धान कापून झालेला असतो, अंगणात त्याचा वास भरून असतो. हात जोडले तरी तो वासच आठवायचा, नामस्मरण होत नसे. देव इथवर येतच नसावा, असंही वाटून गेलं.

आमच्या घरची एक रीत आहे. नवा तांदूळ दुधात शिजवून पळसाच्या पानावर आधी देवाला दाखवायचा, घरातल्या थोरल्याच्या हातानं. तोवर कोणी नव्याचा दाणा तोंडात घालत नाही. याला आम्ही नवं करणं म्हणतो. थोरला मी. निघताना धाकट्या भावाला बजावून गेलो होतो की मी आल्याशिवाय नवं करायचं नाही.

त्यानंतर भाऊ पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला लागला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, हेही मला कळलं होतं. एकदा फोनवर तो म्हणाला, "दादा, जुन्या तांदराची पेज घशाखाली उतरून नाही राहिली. नवं करून टाकू का?"

मी म्हणालो, आता येतोच ना मी, थांब थोडासा.

तो हसला. "देव बी तुयीच वाट पाहून राहिला का?"

थोरल्यानं होकार दिला तर धाकट्यानं नवं केलेलं चालतं. हे मला ठाऊक होतं, तरी होकार दिला नाही. त्या परक्या घरात मला एवढाच आधार होता, की तिकडं काहीतरी माझ्यावाचून अडलं आहे. तो आधार सोडवत नव्हता. मी त्याला रीत म्हणत होतो.

एका सकाळी घरामागच्या सार्वजनिक बागेत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक बाई बाबागाडी हलवत होती. साडीवर जाड कोट, पायांत मोजे आणि चपला. रडणाऱ्या लेकराची ती समजूत घालत होती, छत्तीसगढीत. आमच्या हद्दीला लागूनची ती बोली कानावर पडली आणि मला हुंदका आवरेना. ती दरेकस्याच्या पलीकडची, डोंगरगडच्या बाजूची निघाली. लेकीच्या बाळंतपणासाठी आली होती. तिनं कशाला रडता म्हणून विचारलं आणि मी भावाचं, नव्याचं, सगळं सांगून बसलो. तिच्या घरचं नवं त्या वर्षी पुतण्यानं केलं होतं. त्या दिवशी आपणही इथं खूप रडलो, असं ती म्हणाली. मग कोटाच्या बाहीनं नाक पुसत साधेपणानं बोलली, "देवता त उहें हे, भैया. तोर अगोरा म काबर भूखन बइठे?" देव तर तिथंच आहे, तुझी वाट पाहत तो उपाशी का बसेल? एवढं बोलून लेकराला घेऊन ती निघून गेली. पुढं रोज बागेत गेलो, ती दिसली नाही.

घरी येऊन लगेच फोन लावला आणि होकार दिला. दुसऱ्या दिवशी भावानं भिंतीला टेकून नवं केलं. त्याला हात उचलवत नव्हता, म्हणून त्याच्या बायकोनं मनगट धरलं होतं. मी हे फोनवर पाहिलं. त्यानं नव्या तांदळाच्या पेजेचे दोन घोट घेतले. जास्त आता जात नव्हतं. म्हणाला, "मस्त लागून राहिली, दादा." मी विमानात असताना तो गेला. आधी हो म्हटलं असतं तर त्याला चार दिवस पोटभर मिळाली असती, हे माझ्याजवळ राहणार आहे.

घरी मी थोडंसं सांगितलं, त्यावरून गावानं तिला डोंगरगडची देवी केलं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. सर्दी झालेली, घराची ओढ लागलेली एक बाई होती. पण ती त्याच सकाळी तिथं का होती, हा विचार आला की मी फक्त हात जोडतो.

यंदा धान घरात आला तेव्हा मी भावाच्या बायकोला निरोप धाडला की नवं तिनं करावं. आमच्यात धाकट्याची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. तरी दाराआडून तिनं विचारलं, "मी कायले? तुमी आहात ना."

मी म्हणालो, "त्याचा हात तूच धरला होतास, बाई."

गावात कुजबुज झाली. विधवेच्या हातचं चालतं का, असं कोणी म्हणालं. मी लेकरांच्या मागं जाऊन बसलो. तिनं पान ठेवलं, डोकं टेकलं. काहीच अडलं नाही.