खिडकीमागची भिंत

चर्चच्या पूर्वेकडची रंगीत काचेची खिडकी त्या म्हाताऱ्या काच-कारागिराने ऐन उमेदीत घडवली होती. निळा रंग मनासारखा उतरेपर्यंत त्याने कितीतरी काचा फोडल्या, काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांना डाग देऊन सांधताना बोटं पोळून घेतली.

पुढे शेजारची मोकळी जागा विकली गेली आणि तिथे इमारत उठली. बांधणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, त्याचाच मुलगा होता. भिंत खिडकीच्या वर गेली तसा म्हातारा त्याच्याकडे गेला.

"अरे, जरा मागे घ्यायची होतीस. माझी खिडकी आंधळी झाली."

"सगळं नियमात आहे, बाबा," मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "मागे ट्यूबलाइट लावून देतो. दिवसरात्र उजेड!"

ट्यूबलाइट लागली. प्रार्थनेनंतर फादरनी मुलाचे जाहीर आभार मानले, टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने वर पाहिलं. निळा रंग विटक्या चादरीसारखा दिसत होता आणि संताच्या चेहऱ्यावरून दिव्याची पांढरी रेघ आडवी गेली होती.

"पोरानं नाव काढलं हो तुमचं," बायको कुजबुजली.

"हो," तो म्हणाला, "पुसूनच काढलं."

त्यानंतर तो प्रार्थनेला येई, पण मागच्या बाकावर खांबाआड बसे. तिथून खिडकी दिसत नसे.